विकार कधीपासून

पिंगळीच्या स्टेशनापासून अर्ध्या कोसावर, लिंबाच्या झाडांत, मनानं बिघडलेल्या मुलांचं निवासी उपचारगृह होतं. संस्था खासगी, मुलांच्या राहण्याचा आणि औषधाचा भार सरकारचा. दरवर्षी कचेरीतला एक कारकून यायचा, मंजूर झालेली मुलं जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघायचा आणि मुदतवाढीच्या कागदांवर सही करायचा. ब्याऐंशीच्या मार्चात ते काम दत्तरावांकडे आलं. आधीची दोन वर्षं त्यांनी ते काही ना काही सबब सांगून टाळलं होतं.

ते पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात सतरंज्या, पत्र्याच्या पेट्या आणि एक घागर ओळीनं मांडलेली होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आतून आणखी एक पेटी ओढत आणत होती. पेटी तिच्यापेक्षा जड. कपाळावर घाम, तोंडातून चकार शब्द नाही.

"रोजचंच हाय साहेब," काळजीवाहिका नर्मदाबाई म्हणाल्या. "ऊन उतरलं की समद्यांचं सामान भायेर. आमी आत न्यायचं, हिनं भायेर आणायचं. सासू-सुनंगत चाललंय आमचं. लय वढलं तर चावती. जन्माचंच खूळ, त्याला काय करता?"

दत्तरावांनी मुलीचं नाव विचारलं नाही. ते त्यांना माहीत होतं. विशाखा.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या दिवसांत, सोनपेठकडच्या एका गावात बौद्धवाड्यातली अकरा घरं पेटवली गेली. त्यातलं एक सरजाबाईचं. तेव्हा विशाखा सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून तिची वाचा गेली. पुढच्या उन्हाळ्यात सरजाबाई तिला घेऊन कचेरीत आली आणि दत्तरावांनी फॉर्म भरायला घेतला. 'विकार कधीपासून' या रकान्याशी त्यांचा टाक थांबला. हेडक्लार्क आबासाहेब खांद्यावरून वाकले.

"दंगल लिहू नका, दत्तराव. दंगल म्हटलं की कागद दंगलीच्या फाइलीत. ती फाइल चौकशी संपल्याशिवाय हलत नाही, अन चौकशी पोरीच्या लग्नापर्यंत संपत नाही. जन्मापासून लिहा. महिन्याभरात जागा मिळेल."

दत्तरावांनी 'जन्मापासून' लिहिलं.

"पर साहेब, ती बोलायची की," सरजाबाई म्हणाली. "शेजारपाजार कानाला हात लावायचा, इतकी बोलायची."

"ते आता कुणाला सांगू नका. डॉक्टरला तर मुळीच नाही. सांगितलं तर जागा जाईल."

सरजाबाईनं मान हलवली. जागा खरंच महिन्याभरात मिळाली. दत्तरावांना समाधान वाटलं, काही दिवस. मग कुठल्याही फॉर्मवर तो रकाना आला की हात अडखळू लागला. शेकडो मुलांचे चेहरे ते विसरले होते. हा एक विसरता येत नव्हता.

आता ते अंगणात उभे होते आणि मुलगी घागर उचलून भिंतीपासून आणखी लांब नेऊन ठेवत होती. घर पेटलं की माणूस सामान बाहेर काढतो. ही पोर तीन वर्षं रोज जळतं घर रिकामं करत होती आणि इथल्या एकालाही ते कळायला वाट नव्हती. ती वाट त्यांनी स्वतःच्या अक्षरानं बुजवली होती.

गुरुवारी मनोविकाराचे डॉक्टर येत आणि त्याच दिवशी पालकांची भेट असे. त्या गुरुवारी दत्तराव रजा टाकून पुन्हा आले. सोबत स्वतःचा जबाब लिहून आणला होता: मुलगी जन्मतः मुकी नाही, रकान्यातली माहिती मी जाणूनबुजून खोटी भरली. खाली सही आणि हुद्दा.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"जन्माचं म्हणून मी हिला नीट तपासलंच नाही. झोपेच्या गोळ्या देत राहिलो," ते सावकाश म्हणाले. "धसक्यानं वाचा गेली असेल तर ती परत येऊ शकते. पण हे आईनं सांगायला पाहिजे. तुमच्या ऐकीव गोष्टीवर मी उपचार कसा बदलू?"

सरजाबाई लिंबाखाली मुलीचे केस विंचरत बसली होती.

"बाई, ही आधी बोलायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

सरजाबाईनं दत्तरावांकडे पाहिलं. "न्हाई जी. जन्मापासूनच अशी हाय."

"सरजाबाई, आता खरं सांगा. मीच म्हणतोय."

"खरंच सांगायले साहेब."

डॉक्टर पुढच्या मुलाला बघायला आत गेले. दत्तराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"जागेची भीती आहे का? मी लिहून दिलंय. गेलीच तर माझी नोकरी जाईल, हिची जागा नाही."

"ही बोलायला लागली तर हितं ठिवतील का हिला?"

नियम दत्तरावांना पाठ होता. "नाही. बरी झाली की घरी."

"घर कुठं हाय आमचं?"

तिनंच पुढं सांगितलं.

"त्याच गावात. ज्यायनी काडी लावली त्यायच्याच वावरात मी खुरपायला जाते." सरजाबाई गुंता सोडवत होती, आवाज चढला नव्हता. "मी त्या दिवशी आत हुते, भांडी काढायले हुते. ही दारात उभी हुती. तोंडं हिनं पाह्यलीत साहेब, माझ्याऐवजी. बोलायला लागली की पयलं काय बोलंल ही?"

"नावं घेईल."

"मग? त्या गावात ही नावं घेऊन कशी जगंल? तुमी जन्मापासून लिवलं ते लय चांगलं केलं. गावात पाटलीनबाईनं इचारलं, पोर कशी हाय म्हणून. म्या म्हणलं, सरकारनंच लिवलंय, जन्माचीच मुकी हाय. तवापासून कुणी इचारलं न्हाई."

दत्तराव उठले. आत जाऊन त्यांनी डॉक्टरांकडे जबाब परत मागितला. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद दिला.

ते बाहेर आले तेव्हा विशाखा आईच्या गुडघ्याला टेकून त्यांच्याकडेच बघत होती. सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून नव्हे, कानांत गेलं होतं. तिचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा.

सरजाबाईनं कंगवा मांडीवर ठेवला आणि लेकीच्या तोंडावर हलकेच तळवा धरला.