रांगेत सगळे काकूंच्या मागे

माझ्या पाठीमागे सगळे मला हेडमास्तर म्हणतात. म्हणोत बापडे. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेणारी खोली आहे आमची. मी डोळे वटारले नाहीत तर तिथे बाजार भरेल.

त्या दिवशी काकूंचा उमेदवारीचा महिना संपत होता. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागलेल्या काकू. पहिल्याच आठवड्यात त्यांचा घसा बसला आणि कॉल मागे पडले ते पडलेच. संध्याकाळपर्यंत ठरलेला आकडा गाठला नाही, तर वरचे साहेब हातात नारळ देणार होते. आणि नेमके त्याच दिवशी फोन थंड.

दुपारी मी रिपोर्ट उघडला आणि माझं डोकंच फिरलं. जो तो क्षणभर ब्रेकवर जाऊन लगेच परत येत होता!

"काय पोरखेळ लावलाय हा?" मी गरजले.

सगळ्यांच्या नजरा हळूच काकूंकडे वळल्या. मग माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे जो सगळ्यात जास्त वेळ मोकळा, त्यालाच पुढचा कॉल जातो. ब्रेकवरून आलेला माणूस रांगेत शेवटी. एकट्या काकू ब्रेक घेत नव्हत्या, म्हणून येईल तो फोन त्यांनाच. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

"आज नशीब जोरावर आहे बाई माझं," त्या शेजारणीला सांगत होत्या.

मला हसू फुटलं. खरं सांगते, त्या वात्रट मंडळींचा अभिमानही वाटला. मी रिपोर्ट बंद केला.

सुटायची वेळ झाली तरी एक कॉल कमीच. फोन काही वाजेना. मीच घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायला लागले. आणि एकदम आठवलं, घरचा आमच्याच कंपनीचा फ्रिज दोन महिने गळतोय. आपल्याच लोकांकडे काय तक्रार करायची, म्हणून मी रोज फरशी पुसतेय.

काकू पाणी प्यायला वळल्या, तशी मी बाकीच्यांवर डाफरले, "बघताय काय? ब्रेक दाबा!" आणि जिन्यात जाऊन मोबाइल लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

मी सगळी रडकथा सांगितली. काकूंनी ती मधे न तोडता ऐकली. फ्रिजच्या आत, मागे तळाशी पाणी जायचं भोक असतं, ते तुंबलं असेल, म्हणाल्या. कोमट पाणी ओतून बघा, नाहीतर उद्या माणूस पाठवते. एवढंच होतं!

"आणखी काही मदत हवी आहे का आपल्याला?"

"नको. उद्या वेळेवर या, काकू."