दादाचा जॅझ

दादाने कपाटासमोर गुडघे टेकले आणि बाबांच्या रेकॉर्डचं आणखी एक कव्हर ओढून काढलं. 'प्रत्येक घरात असायलाच हवेत असे जॅझ अल्बम' अशी कुणा जाणकाराची यादी मोबाइलवर उघडी होती. दादा एकेक नाव वाचायचा, कपाटात हुडकायचा आणि सापडलं की मापाची चप्पल मिळाल्यासारखा खूश व्हायचा.

त्याची धाकटी बहीण दारात उभी राहून बघत होती. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

"नव्या घरात संगीताचा कोपरा करतोय," दादा म्हणाला. "बाबांची आठवणही राहील."

"हो ना," ती म्हणाली.

आठवण म्हणे. बाबांचं अंग लुळं पडल्यापासून दादा पाहुण्यासारखा येऊन जायचा. रोज दुपारी त्यांना भरवून झालं की रेकॉर्ड लावायची ती. बाबांची जीभ जड झाली होती, पण डावा हात चादरीवर ठेका धरायचा. सॅक्सोफोनवाला दूरवर भटकून पुन्हा मूळ चालीवर आला की ते तिच्याकडे बघायचे, आला बघ घरी, अशा नजरेने. त्या दुपारी दादाच्या गावीही नव्हत्या.

अजून एक गोष्ट त्याच्या गावी नव्हती, असं ती धरून चालली होती. बाबा पियानो दुरुस्त करणारे, प्रत्येक वस्तूला जपणारे. तबकडी कव्हरात राहिली की पुठ्ठ्यावर गोल वळ उठतो, म्हणून ते दोन्ही वेगळं ठेवायचे. कव्हरं या कपाटात, तबकड्या साध्या पांढऱ्या पाकिटांत घालून तिच्या पलंगाखालच्या पेटीत. दादा मघापासून नुसते पुठ्ठे निवडत होता.

तिने तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. नेऊ दे. चार लोकांसमोर ऐटीत उघडायला जाईल आणि तोंडावर आपटेल. मग पेटी मागायला आला की बघू. मनातून तिला उकळ्या फुटत होत्या आणि धाकधूकही होती, कारण तबकड्या गेल्या तर बाबांचं म्हणून तिच्यापाशी काहीच उरणार नव्हतं.

दादाने गठ्ठा खोक्यात भरला आणि खोकं एका हाताने उचललं. एवढं हलकं कसं, हे त्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून ती पुढे झाली.

"जपून," ती म्हणाली.

"हलकंय गं. आत काही नाहीये ना." तो अगदी सहज बोलला. "तबकड्या राहू दे तुझ्याकडेच. आमच्याकडे प्लेअर कुठे आहे? ही कव्हरं फ्रेम करून भिंतीवर लावायची. तुझ्या वहिनीने पाहिलं कुणाकडे तरी, तेव्हापासून मागे लागलीय."

भांडावं न लागता पेटी तिची झाली होती, आणि तिला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. जे लपवायला आपण एवढा आटापिटा केला ते त्याला फुकटही नको होतं.

"बरं, यातलं सगळ्यात भारी कोणतं?" खोकं खाली ठेवत दादाने विचारलं. "तुला कळतं यातलं. दारासमोर तेच लावतो."

इतक्या वर्षांत त्याने तिला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. राग बाजूला ठेवून ती कपाटापाशी बसली. त्याने न घेतलेलं, मागे सारलेलं एक कव्हर तिने शोधून काढलं. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट, एवढंच चित्र. शेवटच्या दुपारी बाबांनी बोट दाखवून हीच रेकॉर्ड मागितली होती.

"हे," ती म्हणाली. "बाबांनी शेवटचं ऐकलं ते."

दादाने कव्हर हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, मान तिरकी करून पाहिलं.

"काळपट आहे गं," तो म्हणाला. "पिवळ्यात काही नाही का?"

तिने ते परत घेतलं, जागेवर ठेवलं आणि त्याला एक पिवळं शोधून दिलं.