माझी नऊ इंची वीत

टेप मी गळ्यात घालते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माप घेते माझी वीत. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत नऊ इंच. बत्तीस वर्षं शिवते आहे, सुतभरही फरक नाही.

म्हणून भाचीच्या मुलाखतीचा कोट कापतानाही मी टेपला हात लावला नाही. बाही अडीच वीत, म्हणजे साडेबावीस इंच. कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली, तर बाही मनगटाच्या चांगली दोन-अडीच इंच वर.

"कापड आटलं," मी म्हणाले.

"न धुताच, आत्या?"

"हल्लीची कापडं! त्यांचा काय भरवसा!"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. भाचीने माझा उजवा हात टेबलावर टेपशेजारी पालथा ठेवला. आठ इंच. मी जोर लावला, तरी आठच.

सहा महिन्यांपूर्वी अंगठ्याच्या बेचक्यात तापलेली इस्त्री बसली होती. जखम भरली, खपली पडली, मी विषय संपवला. आत कातडी आखडत चालली होती, ते माझ्या लक्षातच आलं नाही. कात्री नीट उघडेना, तर मी धारवाल्याला शिव्या घातल्या. ब्लाउज घट्ट झाले म्हणून आलेल्या बायकांना तर सरळ सांगितलं, पोट सुटलंय तुमचं!

भाची बाह्या कोपरापर्यंत दुमडून मुलाखतीला गेली आणि नोकरी घेऊन आली. मी मात्र कात्री फडक्यात गुंडाळून खणात टाकली. हात गेला म्हणजे मी गेले, असं वाटून त्या दिवशी खूप रडले.

"नऊ आठवड्यांनी मी रुजू होणार," भाची म्हणाली. "तेव्हा नवा कोट हवा, तोही तू कापलेला. नाहीतर हाच घालून जाईन आणि कोणी शिवला ते सगळ्यांना सांगेन."

असली धमकी दिल्यावर काय करणार? गेले तिच्याबरोबर दवाखान्यात. पण शॉकवेव्ह हे उपचाराचं नाव ऐकलं आणि दारातच थांबले.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," मी तिथल्या थेरपिस्टबाईला म्हणाले. "बिघडलाय तो हात."

ती हसली. "विजेचा शॉक नाही हो, मावशी. दाबाच्या लाटा असतात. कडक झालेला वण त्याने सैल पडू शकतो. पण हात अगदी पहिल्यासारखा होईल, असा शब्द मी देत नाही."

बाई आवडली मला. आम्ही शिवणवाले तर उठसूट 'उद्या नक्की' म्हणत असतो.

तिने वणावर गार जेल चोपडलं आणि हातातलं यंत्र टेकवलं. दोरा न ओवता शिलाई मशीन चालवावं तशी टकटक सुरू झाली.

"दुखलं तर सांगा."

"दुखतंय."

"किती?"

"बोटात सुई घुसते त्यापेक्षा कमी. चालू द्या."

आठवड्यातून एकदा टकटक आणि घरी रोज हात ताणायचा व्यायाम. दर रविवारी मी टेबलाच्या कडेवर वीत ठेवून खडूने रेघ ओढायचे. पहिले दोन आठवडे रेघेवर रेघ. यंत्र, बाई आणि भाची, तिघांनाही मी नावं ठेवली. तिसऱ्या रविवारी रेघ जराशी पुढे सरकली. मी पुन्हा मोजलं, मग भाचीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. सहाव्या आठवड्यानंतर पावणेनऊ इंचांवर रेघ थांबली ती थांबलीच.

"पाव इंच राहिला," थेरपिस्टबाई जरा हिरमुसून म्हणाली.

"त्याचं मी बघते," मी म्हणाले.

घरी येऊन खणातून कात्री काढली. अंगठा न अडखळता उघडला आणि पाती पुरती फाकली. डोळे पुसून मी कापड पसरलं, वीत टाकली, दर वितेमागे पाव इंच वाढवून खडू मारला आणि कापायला घेतलं.

भाची कोट घालून आरशासमोर उभी राहिली. बाही बरोबर मनगटाच्या हाडावर.

"हे कापड आटलं नाही वाटतं, आत्या?"

"ते तेव्हाही आटलं नव्हतं गं," मी म्हणाले. "माझा हात आटला होता."

तिने मला घट्ट मिठी मारली. कोट चुरगळला, तरी मी ओरडले नाही. मला आधी फोन करायचे होते, पोट सुटलंय म्हणून सुनावलेल्या प्रत्येक बाईला.