भुकेचा भाग

पुण्याजवळ लवळ्याच्या टेकडीवर एका खासगी कॉलेजच्या वसतिगृहाची मेस दयानंद सांभाळायचा. रोजची नऊशे ताटं. आमटीत मीठ कमी की जास्त, भात मोकळा झाला की गिचका, हे तो स्वतः चाखून सांगायचा, आणि चाखणं म्हणजे त्याच्या लेखी वाटीभर. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं वजन एकशे अडतीस किलो झालं होतं. झोपेत श्वास अडकायचा, मग बायको ज्ञानदा त्याला हलवून जागं करायची. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळंच हाताबाहेर गेलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जठराचा बराचसा भाग कापून काढायचा.

"नुसतं पोट लहान होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "भूक चाळवणारा भाग नेमका तोच असतो. तोच आपण काढून टाकतो. पुष्कळांना नंतर भूक अशी लागतच नाही."

दयानंदला ते खरं वाटलं नाही. भूक न लागणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. औशाजवळच्या ज्या खेड्यात तो वाढला, तिथे आई चिंचोके भाजून पोरांच्या हातावर ठेवायची. ते चघळत बसलं की संध्याकाळपर्यंतचा वेळ निघायचा. पुण्यात येऊन हॉटेलात कामाला लागला त्या दिवशी त्याने सतरा पोळ्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून समोर आलेलं अन्न त्याने कधी परत पाठवलं नाही.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांवर राहायचं होतं. ते सुरू होण्याच्या आदल्या दुपारी त्याने केबिनमध्येच ताट मागवलं. मटणाचा रस्सा, भाकऱ्या, भात, वर जिलबी. आता पुन्हा असं जेवण नाही म्हणून घाम फुटेपर्यंत जेवला. हात पुसतोय तोच सुपरवायझर शैलेश धोंडाबाईला पुढे घालून आत आला.

धोंडाबाई भांडी घासायची. साठीची, वाळकी बाई, टेकडीच्या पायथ्याला राहणारी. तिच्या पिशवीत सहा पोळ्या आणि भाताचा गोळा निघाला होता.

"उरल्यालं हाय सायब," ती म्हणाली. "तसं बी डुकरांना घालाया गाडीत जातंय."

"मावशी, नियम माहीत आहे ना? बाहेर काही न्यायचं नाही."

मागच्या वर्षी घरी नेलेलं शिळं खाऊन एका कामगाराच्या घरात जुलाब झाले होते. तेव्हापासून कॉलेजने हा नियम केला होता.

"म्हातारं अंथरुणावर हाय. मी हितं जेवते, त्याला कुटलं आणू?"

दयानंदला ढेकर आला. तो त्याने ओठ मिटून दाबला. पोटाला तडस लागली होती, डोळे मिटत होते, आणि प्रकरण एकदाचं संपावं एवढंच त्याला वाटत होतं. "तिसऱ्यांदा सापडलात मावशी. उद्यापासून येऊ नका."

शैलेशने पोळ्या खरकट्याच्या पिंपात टाकल्या. धोंडाबाईने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि ती निघून गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन महिन्यांत पंचवीस किलो उतरले. ज्ञानदाला रात्रभर झोप लागू लागली. जवळच्या नांदे गावातल्या त्यांच्या सोसायटीत लोक लिफ्टमध्ये थांबवून विचारू लागले, कुठल्या डॉक्टरांकडे केलं, किती दिवसांत उठलात? आणि डॉक्टर म्हणाले होते ते खरंच झालं. भूक येईना. मोबाइलचा गजर वाजला की जेवायचं. अर्धी इडली, दोन चमचे वरण, बस. त्यावर एक घास जास्त झाला की छातीत पहार घातल्यासारखं व्हायचं आणि सगळं उलटून पडायचं.

कामावर परतल्यावर पहिल्याच दुपारी त्याने सवयीने ताट वाढून घेतलं. चार चमचे खाल्ले. उरलेलं ताट घेऊन पिंपापाशी गेला आणि खरवडून आत टाकलं. भात, उसळ, दीड पोळी. पिंपात वाकून बघताना त्याला धोंडाबाईच्या सहा पोळ्या आठवल्या. ती गेल्यापासून तिचा विचारही त्याच्या मनात आला नव्हता.

त्यानंतर मात्र तिचा विचार जाईना. हॉस्पिटलात त्याच्यासाठी वेगळी खोली होती. काय प्यायचं ते मोजून द्यायला एक बाई होती, नीट चालतोय का ते बघायला दुसरी होती. पोट फार भरतं म्हणून एवढी माणसं राबत होती. पोट भरत नाही म्हणून कोणी डॉक्टर बोलावल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

त्याने ज्ञानदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबवून म्हणाली, "अहो, तुम्ही झोपेत गेला असतात. मी दोन वर्षं तुमचा श्वास मोजत काढली. ते ऑपरेशन चैन म्हणून केलं का? आणि तुम्ही न खाल्लेली पोळी तिच्या ताटात जाते का?"

"नाही जात," तो म्हणाला. "पण तिच्या पिशवीतली होती, ती मी काढली."

ज्ञानदा पुन्हा भाजी निवडू लागली.

शेवटी एका दुपारी तो पत्ता विचारत पायथ्याला गेला. एका कंपाउंडच्या भिंतीमागे पत्र्याची खोली होती. दारात बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. धोंडाबाई चुलीपाशी बसली होती. तिने त्याला लगेच ओळखलं नाही.

"सायब? तुमीच हाय का? लई वाळला की वो! कसलं दुखणं काडलं?"

"पोटाचं. ऑपरेशन झालं."

"अरं द्येवा. बसा, बसा."

"मावशी, मालक कुठं आहेत?"

"गेलं," ती म्हणाली. "बाराव्याला बी आठ दिस झालं."

दयानंद उंबऱ्यावर बसला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि सांगू लागली. आवाज चढला नाही की रडं आलं नाही.

"डागदरनं छातीत कफ झाला म्हून लिव्हलं. असंल बी. पर त्याच्या आदुगरच अंगात काय राह्यलं न्हवतं. काम सुटलं, मग एका बंगल्यात धुणं घावलं, त्ये बी निम्मं दिस. रेशनचा तांदूळ धा-बारा दिस पुरायचा. मी म्हणायची, मी तिकडंच जेवले, तू खा. त्यो म्हणायचा, शेजारनीनं दिलं, तू खा. दोगं बी खोटं बोलायचो."

दयानंद उठू लागला तशी तिने हाताने खाली बसवलं.

"आजारी मानूस दारात आलाय, तसाच कसा जाऊ द्यायचा?" तिने ॲल्युमिनियमच्या थाळीत भात वाढला, वर पातळ डाळ ओतली. भांड्यात मागे दोन घास राहिले असतील.

"मावशी, मला चालत नाही. खरंच."

"आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?"

मग तो खाऊ लागला. पहिला घास गेला, दुसरा, तिसरा. पाचव्याला छातीत कळ आली. ती समोर बसून बघत होती, म्हणून त्याने सहावा घेतला, सातवाही घेतला. आठवा घास हातात असतानाच तो धडपडत बाहेर पळाला आणि अंगणात भडाभडा ओकला. धोंडाबाई मागोमाग आली. तिने त्याचं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला तांब्या दिला. भात मातीत पडला होता. शेजारचं कुत्रं येऊन तो हुंगू लागलं, तसं त्याला हाकलायला तिने हात उचलला आणि मग आखडला. कुत्र्याला खाऊ दिलं.

"मावशी," दयानंद भिंतीला टेकून म्हणाला, "मला तसा रोग नव्हता. मी फार खात होतो. खाणं आवरत नव्हतं, म्हणून पोट कापून घेतलं."

तिला उमगेना. त्याने पुन्हा सांगितलं, हाताने दाखवलं, केवढं होतं आणि केवढं ठेवलं.

"चांगलं पोट कापून काडलं?"

"हो."

"आन् आता भूक लागत न्हाई?"

"नाही."

ती कुत्र्याकडे बघत होती. "त्याला शेवटपातुर लागत व्हती," ती म्हणाली. "बोलनं बंद झालं, डोळं उघडत न्हवतं. पर हात सारका तोंडाकडं न्यायचा. हातात काय बी न्हाई, आन् चावायचा."

दयानंद तोंडावर हात धरून रडू लागला. तिने त्याला उगी केलं नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, "उद्यापासून कामावर या. मी सगळ्यांना सांगतो. चूक माझी होती."

"न्हाई सायब. तितं सगळीकडं अन्नाचा वास. आता न्हाई सोसायचा मला." तिने थाळी उचलली. त्यात उरलेला भात तिने पुन्हा भांड्यात ओतला, झाकण ठेवलं. "मी नेऱ्याला भाचीकडं जानार हाय. तुमी जावा. उन्हाचं चालू नगा, अशक्तपना हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी दयानंदने वरच्या साहेबांकडे लेखी अर्ज दिला. न वाढलेलं, चांगलं अन्न त्याच दुपारी कामगारांना घरी नेऊ द्यावं. साहेब म्हणाले, काही बाधलं तर जबाबदार कोण? अर्ज नामंजूर झाला. दयानंद खाली आला आणि मेसमध्ये कामाला असलेल्या बायकांना म्हणाला, उद्या येताना डबे आणा. शैलेश घाबरला, तेव्हा त्याला म्हणाला, "तू बघितलं नाहीस. विचारलं तर माझं नाव सांग."

ते चार महिने चाललं. डॉक्टरांकडे तपासणी झाली, सगळं उत्तम आहे म्हणाले, वजन शंभराच्या आत आलं. मन लागत नाही, असं तो डॉक्टरांना म्हणाला. असं होतं सुरुवातीला, असं सांगून त्यांनी एक गोळी लिहून दिली. ती त्याने आणली नाही.

पाचव्या महिन्यात कॉलेजचं पत्र आलं. नियम मोडल्याबद्दल पहिली आणि शेवटची ताकीद, पुन्हा आढळल्यास नोकरी जाईल. ज्ञानदाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आता?"

"बघू," तो म्हणाला.

पत्र मिळाल्याची सही त्याने कार्यालयात जाऊन केली. मग स्वयंपाकघरात येऊन भाताच्या मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं, वाफ जाऊ दिली आणि बाहेर डबे घेऊन ताटकळणाऱ्या बायकांना आत बोलावलं.