दीपमालानं घेतलेलं नाव

२०१९ सालची गोष्ट. केदारखेड्यात बेबीनंदाच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिची विधवा थोरली जाऊ चतुराबाई दाराशी बसली होती. चतुराबाईची लेक दीपमाला जाफराबादला शिक्षिका. पस्तिशी आली तरी लग्नाचं नाव काढत नव्हती.

"सगळ्यांनी नावं घेतली. तू कोणाचं घेतीस गं, फळ्याचं?" बेबीनंदानं टोमणा मारला. बाया खिदळल्या.

दीपमाला उभी राहिली.

"कपाशीच्या बोंडातून निघाली मऊ वात,
शीतलचं नाव घेते, तिच्याच हाती माझा हात."

शीतल म्हणजे तिच्याबरोबर राहणारी नर्स, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हसू जागीच थिजलं. दीपमाला आईकडं बघत राहिली. आईनं मान फिरवली असती, तर तिला माहेर उरलं नसतं.

चतुराबाईच्या मनात आलं, चारचौघींत एवढं खरं बोलायची छाती आपल्याला जन्मात झाली नाही.

"मोठ्यानं घे, पोरी," ती म्हणाली. "मागच्या बायांना ऐकू गेलं न्हाई."

दीपमालानं पुन्हा घेतलं, खणखणीत.

बेबीनंदानं वर्षभर अबोला धरला, मंग गुडघे दुखायला लागल्यावर शीतललाच फोन केला. दीपमाला आता मुख्याध्यापिका आहे. चतुराबाई गेल्या साली वारली. शेवटचं पाणी तिनं शीतलच्या हातून मागून घेतलं.