डाव्या पिशवीची गोलाई

आशालताने खाकी कॅनव्हासची पिशवी बुलेटच्या डाव्या अंगाला अडकवली, पट्टा ओढला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. बक्कल नेमकं जागेवर आलं होतं.

प्लासिड गॅरेजच्या दारात हात पुसत उभा होता. त्याने मान तिरकी केली.

"वहिनी, पिशवी एकदम मस्त. पण हा पुढचा कोपरा कोणी खाल्ला? उंदराने?"

पिशवीच्या पुढच्या कडेला चंद्रकोरीसारखी गोलाई कापलेली होती. आशालता हसली.

"तिथे माझा पाय येणार. पिशवी चौकोनी शिवली असती तर पाय काय खांद्यावर घेऊन बसू लेहपर्यंत?"

प्लासिड हसणार होता. ओठ हलले आणि थांबले. त्याने गाडीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या केळींकडे.

"साडी गार्ड काढलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मी पंजाबी ड्रेसच घालणार आहे. फुटरेस्ट मात्र..."

ती वाकली. मागच्या फुटरेस्टच्या जागी कामण गावच्या वेल्डरने बनवलेल्या लोखंडी फ्रेमचा बोल्ट होता. तिने दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथेही बोल्ट.

"फुटरेस्ट कधी बसवणार?"

प्लासिडने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"साहेबांनीच काढायला लावली ना, वहिनी. फ्रेम तिथेच बसव म्हणाले. मागच्या सीटवर पेट्रोलचे कॅन येणार, पाच-पाच लिटरचे दोन. वर लांबपर्यंत पंप नाही म्हणाले." तो थांबला. "मला वाटलं, तुमचं घरी ठरलंय."

"कधी म्हणाले?"

"इस्टर झाला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."

मे महिन्याची अठरा तारीख होती. शनिवार. आशालता पोस्टातून परस्पर गिरीजला आली होती, बक्कलं तपासायला. नवऱ्याला, दिनानाथला, सांगितलं नव्हतं. गॅरेजमध्ये तू येऊ नकोस, सगळं ग्रीस असतं, असं तो महिनाभर सांगत होता.

"काढलेली आहेत कुठे?"

"काय?"

"फुटरेस्ट."

प्लासिड आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन आला. तिच्या हातात देताना म्हणाला, "एकट्यालाच जायचं होतं तर मी हलकी गाडी सांगितली असती."

गाडीवरून काढून घेतलेली पिशवी आणि पुडी मांडीवर ठेवून रिक्षात तिने पर्समधून वही काढली. वही तिची, अक्षर तिचं. पहिल्या पानावर तारीख: जानेवारी २००२.

गाडी: ३५० सीसी. दोघांचं वजन १२४ किलो + सामान ४०.

दिनानाथला शंभर सीसीची हवी होती, पेट्रोल कमी पिणारी. तीच म्हणाली होती, एकटा माणूस जाईल तिच्यावर. दोघांना घेऊन ती घाट चढायची नाही. तीन रविवार वाद चालला. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई. दोघांची गाडी."

मागचे स्प्रिंग: जाड घालून घेणे.

हेल्मेट: २. (त्यांचं घेतलं. माझं राहिलं.)

वसईच्या दुकानात तिच्या मापाचं नव्हतं. पुढच्या रविवारी बघू, असे चार रविवार झाले.

डोकं:

नाही, हे वहीत नव्हतं. पण गेले पंधरा दिवस दिनानाथ रोज विचारत होता, "डोकं दुखतंय का गं? घाटात तुला फार त्रास होतो." तिला बरं वाटायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कोण कोणाच्या डोक्याची चौकशी करतं?

पिशवी, डावी: गोलाई ठेवणे.

इथे तिने वहीत बोट घातलं आणि वही मिटली.

गेल्याच रविवारी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दोन्हीकडे पाय सोडून बसली होती, गाडीवर बसल्यासारखी. दिनानाथ खाली फरशीवर. तिच्या पोटरीमागे कॅनव्हास धरून त्याने खडूने रेघ ओढली. गुदगुल्या झाल्या म्हणून ती हलली, तर ओरडला होता, "हलू नकोस. माप चुकेल."

तेव्हा फुटरेस्ट निघून महिना झाला होता.

"पिशवी झाली का?" ती घरात शिरली तेव्हा दिनानाथने नकाशावरून मान वर न करता विचारलं. हॉलमधल्या टेबलावर हिमाचल पसरलेलं होतं. चार कोपऱ्यांवर चार वाट्या.

"उजवी झाली. डावीचं थोडं राहिलंय."

"गिरीजला नाही ना गेलीस?"

"कशाला जाऊ? तिथे सगळं ग्रीस असतं."

त्याने मान डोलावली. ती चपला काढत राहिली.

"माझी रजा मंजूर झाली," ती म्हणाली. "तेवीस दिवस."

नकाशावर फिरणारं त्याचं बोट एका गावावर थांबलं.

"अरे वा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सोडलं तुझ्या साहेबांनी? मला वाटलं, या वर्षी काही देत नाहीत."

"दिली."

"चांगलंय."

"हेल्मेटचं काय करायचं?"

"उद्या रविवार आहे ना. उद्या बघू."

आशालता उभी राहिली. आणखी एक वाक्य यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. त्याने एक वाटी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

तिने शिलाई मशीनवरचं झाकण काढलं. गोलाईची शिवण ब्लेडने उसवली. दुहेरी टीप होती, तिनेच घातलेली, तुटायला वेळ लागला. कापून निघालेला तुकडा तिने टाकला नव्हता. चिंध्यांच्या डब्यात वरच होता, कडेला खडूची रेघ तशीच. तिने ती पुसली नाही. रेघ आतल्या बाजूला घेऊन तुकडा पुन्हा जागेवर लावला. कॅनव्हास जाड, दोन सुया मोडल्या. तिसरी टिकली.

दिनानाथने मध्येच एकदा विचारलं, "चहा टाकू का?"

"टाका."

त्याने टाकला. दोघं चहा प्यायले. बिस्किटं मऊ पडली आहेत, एवढंच बोलणं झालं.

दिवेलागणीला तिने पिशवी आणून नकाशावर ठेवली.

"झाली. बघा."

दिनानाथने पिशवी स्वतःकडे ओढली. बक्कल उघडून बंद केलं, पट्टा ताणला. मग त्याचा अंगठा सवयीने पुढच्या कडेवरून खाली निघाला. कड सरळ होती. अंगठा जोडाच्या टाक्यांवर आला आणि तिथेच राहिला.

"गोलाई?"

"जागा वाया जात होती."

ती आत गेली. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा.

दिनानाथने पिशवी उचलली. रिकाम्या पिशवीच्या मानाने ती जड होती. तळाशी काहीतरी सरकलं, वर्तमानपत्राचा कागद करकरला आणि लोखंडावर लोखंड आपटलं. त्याने झाकणाला हात लावला. उघडलं नाही.

आतून नळ बंद झाला.

"मावतंय ना सगळं?" आशालताने विचारलं.