सतराव्या विहिरीखाली

मी जमिनीखालून बोलतोय. सरदर्रे गावाला पाणी आणणारा कारीज मी. डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत खणलेला, माणूस वाकून चालेल एवढाच बोगदा. माझ्यात उतरायला आणि गाळ वर काढायला माझ्या अंगावर अडतीस उभ्या विहिरी आहेत, गावाकडून डोंगराकडे मोजलेल्या. गावाजवळच्या मुखाशी मी उजेडात येतो आणि पाणी देऊन टाकतो. जे सांगतोय ते जसं घडलं तसंच सांगतोय, असं मला वाटतं. पण मी अंधारात वाढलो, माझी सगळी भिस्त ऐकण्यावर. काही चुकलं असेल तर दोष माझा.

मला खणणारे पांढरे कपडे घालून उतरायचे. दिव्याच्या उजेडात पांढरं चटकन दिसतं, असं ते घरी सांगत. आपसांत म्हणत, कफन वेगळं शिवायला नको. मला त्यांनी नावही ठेवलं होतं, खुनी. त्यात किती थट्टा होती आणि किती भीती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

ते नाव मी एकदा खरं केलं. सतराव्या विहिरीच्या थोडं पुढे रहमान एकटा गाळ काढत होता, तेव्हा माझं छत खचलं. तिथे ओल मुरत होती हे मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं. लोकांनी तीन दिवस माती उपसली, पण तो हाती लागला नाही. शेवटी त्यांनी पाण्याला बाजूने एक अरुंद वाट काढून दिली आणि रहमानला माझ्यातच राहू दिलं.

पुढच्याच वर्षी अवर्षण पडलं. माझी धार करंगळीएवढी झाली. गावाच्या पाण्याच्या पाळ्या वाटणारा मीराब मश्दी कुर्बान म्हणाला, "हा कारीज नर आहे. एकटा पडलाय. याचं लग्न लावून द्या."

आमच्याकडे तशी रीतच होती. एखाद्या विधवेचं कारीजशी लग्न लावायचं. तिने दर गुरुवारी मुखाशी आंघोळ करायची, गावाने तिला वर्षाचे गहू द्यायचे. नाव निघालं ते गुलअंदामचं. रहमानची बायको.

"पहिल्याला यानेच गिळलं," ती म्हणाली, "आणि आता मी याच्याच घरी नांदू?"

"नांदायचं कुठंय, वहिनी," एक शेजारी म्हणाला. "आठवड्याची एक आंघोळ. ना शिव्या, ना मार, वर दोन पोती गहू. असा नवरा शोधून सापडायचा नाही."

"मग तुझ्या बहिणीला दे की."

लोक हसले. ती हसली नाही. तिच्या कडेवर लहान मुलगी होती, सनम. दोन पोती गहू म्हणजे सनमची वर्षभराची भाकरी. ढोल-सनई वाजली, मुल्लाने निकाह पढवला, आणि मी नवरा झालो.

गुरुवारी ती यायची, मुखाशी बांधलेल्या भिंतीआड पाण्यात उतरायची आणि बोलायची. माझ्याशी नाही. "रहमान, पोरीला दात आलेत." "रहमान, तुझी आई गेली." मी दुसऱ्याच्या घरच्या बातम्या ऐकत राहायचो. त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ खूप पडला आणि माझं पाणी वाढलं. श्रेय बर्फाचं होतं. गावाने ते तिला दिलं.

आवाज कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. सतराव्या विहिरीखाली कुदळीचा आवाज यायचा. एक घाव, जरा उसंत, पुन्हा एक घाव. गाळ काढणाऱ्यांनी तो ऐकला आणि सोळाच्या पुढे जाणं सोडून दिलं. सोळापर्यंत सफाई व्हायची आणि तिथून ते मागे फिरायचे. मीराबही ते चालवून घ्यायचा. हे असं तीस वर्षं चाललं.

त्याच काळात वर माळावर नवी वस्ती झाली. तिला शहरातून नळ आला. गावातलीच काही माणसं तिकडे राहायला गेली. त्यांच्या अंगणात माझ्या वरच्या विहिरी होत्या. कारीजकडे आता कोण येतंय, असं समजून तिघांनी मोरीच्या आणि संडासाच्या नळ्या त्या विहिरींत सोडल्या आणि वर फरशी बसवली.

माझं पाणी वाढलं. आनंद करणारी माणसं मी ऐकली, आणि मला ओरडता आलं नाही. मश्दी कुर्बानने गुलअंदामला तिसरं पोतं पाठवलं. तिच्या पायांवर तोवर फोड आले होते. त्या उन्हाळ्यात गावातली मुलं एकेक करून जुलाबाने आडवी होऊ लागली. सनमची तीन वर्षांची मुलगी परीजान तर मान धरेनाशी झाली.

पुढच्या गुरुवारी गुलअंदाम मुखाशी आली, पण पाण्यात उतरली नाही. पाळीसाठी जमलेल्या पुरुषांसमोर उभी राहिली.

"मला तलाक हवा," ती म्हणाली.

"या वयात?" मश्दी कुर्बान म्हणाला.

"वय माझं झालंय, नाक नाही. या पाण्याला घाण येते."

"तुझ्याच पायगुणाने वाढलंय ते पाणी, बाई. शुभ बोल."

"यंदा बर्फ किती पडला, मश्दी?"

मश्दी वाकून पाण्यात हात घालून धार मोजू लागला.

"बर्फ नाही, पाऊस नाही, आणि पाणी दुप्पट. पाळ्या तू मोजतोस ना? मग सांग, आलं कुठून?"

मग मश्दीने उस्ताद सैफुल्लाला बोलावणं धाडलं. कारिजांत उतरणारा तो आमच्या भागातला शेवटचा माणूस, रहमानचा चुलतभाऊ.

सैफुल्ला पांढरे कपडे घालून, दिवा घेऊन आला. सोळाव्या विहिरीपर्यंत मी त्याची पावलं मोजली. सतराव्याखाली तो थांबला. कुदळीचा आवाज येत होता. माझ्यातून येत होता, पण मी करत नव्हतो. निदान मला तसं वाटतं.

"मला वर घ्या," तो ओरडला.

वरून, सतराव्या विहिरीच्या तोंडावरून, गुलअंदामचा आवाज आला. ती गावापासून चालत आली होती. "रहमान, सैफुल्ला आलाय खाली. लहानपणी तुझे जोडे पळवायचा तोच. परीजान आजारी आहे. जरा सरक, त्याला जाऊ दे."

आवाज थांबला. सैफुल्ला अंग चोरून त्या अरुंद वाटेने पलीकडे गेला.

संध्याकाळी वर आल्यावर त्याने आधी हातपाय धुवायला घरून आणलेलं पाणी मागितलं. "तीन नळ्या आहेत," तो म्हणाला. "बावीस, तेवीस, पंचवीस."

मश्दी कुर्बान खाली बसला. "तेवीस कुणाची?"

"नळीवर नाव नव्हतं, मश्दी. पण ती विहीर तुझ्या मुलाच्या अंगणात येते."

मग दोन्ही वस्त्यांत भांडणं झाली. "तुमच्या मेलेल्या कारीजसाठी आम्ही संडासाला जायचं नाही का?" असंही कुणी विचारलं. सनमने परीजानला उचलून त्या विचारणाऱ्याच्या उंबऱ्यात नेऊन निजवलं आणि ती म्हणाली, "आता बोला." त्यानंतर वरच्या लोकांनी फावडी घेतली. माझ्यापासून दूर, उताराच्या दुसऱ्या अंगाला नवे खड्डे खणले. नळ्या काढल्या. मग चाळीस दिवस माझा गाळ निघत होता. वर दोर ओढायच्या रहाटावर मश्दी कुर्बान स्वतः उभा असायचा, सत्तरी उलटलेला, आणि त्याचा मुलगा खाली टोपल्या भरायचा. वरच्या वस्तीतल्या बायका चहा आणायच्या. गावाने पाणी उकळून पिणं सुरू केलं. परीजान पुन्हा चालायला लागली. एक बाळ मात्र वाचलं नाही. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं.

गाळ काढताना सैफुल्लाला रहमानची कुदळ सापडली. रहमान सापडला नाही. तीस वर्षं ओलीत पडलेलं लोखंड ते, पण टोक घासून चकचकीत झालेलं. हे त्याने फक्त गुलअंदामला सांगितलं. ती म्हणाली, "जिथे होती तिथेच ठेव. त्याला लागते."

शरद ऋतूत माझं पाणी निवळलं, आणि निम्म्यावर आलं. पाळ्या आखूड झाल्या, अक्रोडाची काही झाडं वाळली. कुणी खूश नव्हतं, पण नळ्या परत कुणी सोडल्या नाहीत. त्या गुरुवारी गुलअंदाम काठी टेकत आली, भिंतीआड पाण्यात पाय सोडून बसली. ओंजळ भरून प्यायली. "कमी झालास," ती म्हणाली. "चालेल."

हे ती कुणाला म्हणाली, हे मला अजून कळलेलं नाही. त्या हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर माझं लग्न कुणी लावलं नाही. आता दर वसंतात दोन्ही वस्त्यांची माणसं अडतिसाव्या विहिरीपर्यंत येतात, कपाळावर दिवे बांधून, गप्पा मारत. सतराव्याखालून ती बिनघोर जातात.

तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून शेवटचं सांगतो. आवाज थांबलेला नाही. आता फक्त गुरुवारी, खाली कुणी नसताना, सतराव्याखाली कुदळ चालते. पूर्वी तिचे घाव एका लयीत पडायचे. आता ती मधेच बराच वेळ थांबते, शेजारी कुणी काही सांगत असावं आणि खणणारा ते ऐकत असावा तशी.

हे वर कुणाला सांगू नका. माणसं पुन्हा सोळावरूनच मागे फिरतील.